मामा, नॉर्मल चाला!

एखाद्याची झोप उडवायची असेल तर त्याला "आता शांत झोपा" असं सांगावं. फोटो बिघडवायचा असेल तर "हसा" म्हणावं. आणि चांगल्या धडधाकट माणसाला भर रस्त्यात आडवा पाडायचा असेल तर समोर मोबाइल धरून एवढंच म्हणावं, "नॉर्मल चाला."

माझी भाची पुण्याला फिजिओथेरपी शिकते. पोळ्याला ती आमच्या गावी, वडनेर भोलजीला आली ती पुरणपोळीसाठी, असा आमचा भाबडा समज होता. पण बॅगेतून आधी मोजायचा टेप निघाला, मग कोन मोजायचं एक प्लास्टिकचं यंत्र, मग खडूंची पेटी. कॉलेजनं काम दिलं होतं : एका निरोगी माणसाच्या चालण्याचं निरीक्षण करून आणा. निरोगी माणसाच्या शोधात तिची नजर घरभर फिरली आणि दुसरं कोणी रिकामं नसल्यामुळे माझ्यावर येऊन थांबली.

ओट्यापासून समोरच्या कडुलिंबापर्यंत खडूची सरळ रेघ ओढली गेली. मी रेघेच्या एका टोकाला, भाची दुसऱ्या.

"हं मामा, नॉर्मल चाला."

मी उभाच राहिलो. कारण आयुष्यात पहिल्यांदाच प्रश्न पडला, की आधी कोणता पाय टाकायचा? शुभकार्य म्हणून उजवा उचलला. त्याच्यासोबत उजवा हातही निघाला.

"मामा, उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो."

"कोणाचा?"

"सगळ्यांचा!"

ही बातमी मला नवीन होती. मी डावा हात बोलावला, तर डावा पायही आपल्यालाच बोलावलं समजून हजर झाला. दोन्ही पाय आत आणि दोन्ही हात बाहेर अशा अवस्थेत मी कडुलिंब गाठला आणि त्याला मिठी मारली. एवढ्यात सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अगं, त्यांना कुठे नॉर्मल चालायला सांगतेस? सप्तपदीला सात पावलं टाकायची तर ह्यांना आठ लागली होती. भटजींनी परत मोजायला लावली."

हे वाक्य गल्लीला ऐकू गेलं आणि गल्ली जमली. वडनेर भोलजीत एखादं काम नीट चाललेलं असेल तर तिकडे कोणी फिरकत नाही. बिघडलंय म्हटलं की खुर्च्या येतात.

भाचीनं जमलेल्यांना समजावून सांगितलं. एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालण्याचं एक चक्र होतं. या चक्रात प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. मधे दोनदा दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर येतात, तो वेळ मिळून २० टक्क्यांच्या आसपास. धावताना मात्र दोन्ही पाय हवेत असल्याचा एक क्षण येतो, तोच चालण्या-धावण्यातला फरक. पायाची हजेरी ६० टक्के ऐकून मला आदर वाटला. आमच्या ग्रामसभेची एवढी हजेरी मी तरी पाहिलेली नाही.

"म्हंजे बाकीचा टाइम मानूस एकाच पायावर उभा रायते?" शेजारच्या आबांनी विचारलं.

"हो आजोबा. खरं तर प्रत्येक पावलाला आपण पुढे पडत असतो आणि दुसरा पाय वेळेवर येऊन सावरतो."

"अन् नाई आला त?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हा उद्योग नवा नाही, असं भाचीकडूनच कळलं. टांझानियात लाएतोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं सापडली आहेत. माणसाचे पूर्वज तेव्हाही दोन पायांवर चांगले चालत होते. चालणारच. समोर मोबाइल घेऊन कोणी उभं नव्हतं. पुढे १८३६ मध्ये जर्मनीत वेबर नावाच्या भावांनी माणूस चालतो कसा यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्याही आधी, १८३३ मध्ये, फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकनं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाली पाहून एक लांबलचक निबंध लिहिला होता. रस्त्यानं जाणाऱ्याला नावं ठेवत बसण्याला पॅरिसमध्ये साहित्य म्हणतात. आम्ही तेच काम ओट्यावर बसून करतो, तर घरातले दळण आणायला पाठवतात.

बाल्झाकचा दाखला मिळाल्यावर मी भाचीला सुचवलं, की माझा नाद सोड आणि ओट्यावर बस. गाव तुझ्यासमोरून आपोआप चालेल. तिला ते पटलं. वही उघडून ती बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं देऊ लागली. आम्हीही देतो, पण तिची जर्मन होती.

पहिलेच एक गृहस्थ डुलत डुलत गेले. "ट्रेंडेलेनबर्ग!" भाची आनंदानं पुटपुटली. कमरेच्या बाजूचा स्नायू अशक्त असला की त्या पायावर भार येताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली कलते, मग तोल सांभाळायला माणूस धड झुकवत चालतो. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जननं १८९५ मध्ये हे वर्णन करून ठेवलंय. ती एवढं सांगेपर्यंत पलीकडच्या ओट्यावरचे आमचे एक पंचायत सदस्य उठून आले.

"कायचं टेंडर निघालं?"

"टेंडर नाही काका, ट्रेंडेलेनबर्ग."

"तेच. किती लाखाचं?"

मग एक पोरगा लंगडत आला. भाचीनं लिहिलं : अँटॅल्जिक. ज्या पायाला वेदना, त्या पायावर माणूस कमीत कमी वेळ थांबतो, दुसऱ्यावर घाईघाईनं येतो. "गुडघा की घोटा?" तिनं गंभीरपणे विचारलं. पोरानं तळवा वर केला. सराटा रुतला होता. सौभाग्यवतींनी पदराची सेफ्टी पिन काढली, सराटा काढला आणि अँटॅल्जिक पेशंट पळत गेला. भाची म्हणाली, कारण दूर झालं की ही चाल सुधारते, असं पुस्तकातही आहे. फक्त सेफ्टी पिनचा उल्लेख राहिलाय.

खरा गोंधळ संध्याकाळी झाला. दुपारी पाऊस पडून गेला होता. शेतातून माणसं परतायला लागली आणि भाचीचा चेहरा पांढरा पडला. बायका, माणसं, पोरं, सगळे गुडघे पोटाशी आणून पाय उंच उचलत होते आणि फदकन् खाली टाकत होते. पुस्तकात याला स्टेपेज म्हणतात. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगानं जाणारी नस दबली की पाऊल वर उचलत नाही, लोंबतं. बोटं जमिनीला घासू नयेत म्हणून माणूस गुडघाच उंच उचलतो.

"मामा, अख्ख्या गावाच्या नसा दबल्यात!"

"नाही गं बाई, पायाला वावर चिकटलंय."

वऱ्हाडची काळी माती ही काय चीज आहे ते पुण्याच्या कॉलेजात कळणं शक्य नाही. उन्हाळ्यात ती अशी भेगाळते की पडलेली किल्ली पुढच्या पेरणीलाच सापडावी. पाणी लागलं की फुगते आणि चपलेला धरते. पहिल्या पावलाला बोटभर, दुसऱ्याला वीतभर. बांधापर्यंत येईतो माणसाची उंची वाढलेली असते आणि चप्पल मागेच राहिलेली असते. मग ती एका हातात, विळा दुसऱ्या हातात, डोक्यावर चारा आणि पायांत शेत. सातबाऱ्यावर कसलीही नोंद न होता आमच्याकडे शेतजमीन गावात येते ती या मार्गानं. या चालीला भाचीच्या वहीत नाव नव्हतं. तिनं 'प्रादेशिक' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आबा हे सगळं शांतपणे पाहत होते. आबांनी उभ्या आयुष्यात गुरांच्या बाजारात बैल पारखले. बैल बसलेला घ्यायचा नाही, चालवून घ्यायचा, हा त्यांचा नियम. मऊ मातीवरून चालवायचा आणि पुढच्या खुराच्या ठशावर मागचा खूर पडतो का ते बघायचं. झटकन वळवायचा. मागे सरकवायचा. लंगडणारा बैल सरळ चालताना लपतो, वळताना सापडतो.

"अगदी हेच आम्हाला शिकवतात आजोबा!" भाची म्हणाली. "पेशंटला वळायला लावायचं, टाचेवर चालवायचं, मग चवड्यावर."

दोन्ही शास्त्रांचं एकमत झालं आणि दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पोळा. बैलांना खांदेमळणी, शिंगांना रंग, पाठीवर झूल. त्यांचा थाट बाजूला, आणि इथे आबा मला सांगत होते, "गुरुजी, चाला. हं. वळा झटकन. आता मांगं सरका." मी मागे सरकलो. कडुलिंब होताच.

"कसा काय आबा?" कोणीतरी विचारलं.

"खुरात खोट नाई. पन एकल्याले पाहून सांगता येत नाई बाप्पा, जोडीनं चालवा."

सौभाग्यवतींनाही रेघेवर आणलं गेलं. गल्लीसमोर आम्ही दोघं चालू लागलो. तीन पावलांत त्या पुढे निघाल्या, कडुलिंबाला वळसा घालून परतीच्या वाटेवर मला भेटल्या आणि "दूध उतू जाईल" म्हणून आत गेल्या. लग्न झाल्यापासून आम्ही असेच चालतो. मी मागे असतो तो सौजन्य म्हणून, असं मी आजवर समजत होतो. आबांनी मान हलवली.

"वैनी वढते. तुमी लोंबकळता."

या निकालानंतर माझं चालणं पारच गेलं. पूर्वी मी दुकानात जायचो. आता टाच, तळवा, चवडा, डावा हात असा जप करत जायचो आणि साखरेऐवजी मीठ घेऊन यायचो. एसटीच्या पायरीशी थबकून मी कोणता पाय आधी याचा विचार करत राहिलो, तेवढ्यात मागच्या सोळा जणांनी मला सामुदायिकरीत्या आत पोचवलं. एका घरी भेटायला गेलो तर अंगणातून उजवा हात-उजवा पाय, डावा हात-डावा पाय असा कवायतीत शिरलो. दुःखात बसलेली माणसं घटकाभर दुःख विसरली.

संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की गुरुजींना झटका आला, एक बाजू गेली. कोणती बाजू यावर दोन मतं होती. नांदुऱ्याहून साडू फोन करून विचारत होते, मलकापूरहून आत्या केळी घेऊन स्वतःच आल्या. मी दारात उभा राहून "काही झालं नाही" म्हणालो, तर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माय बाई, बोलता तरी येते." केळी मात्र मी ठेवून घेतली.

खुर्चीत बसून राहणं भाग पडल्यामुळे माझा अभ्यास वाढला. त्यातून माझं मत झालं, की भाचीच्या वहीतल्या चाली रोगाच्या आहेत आणि रोग्याला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. १८१७ मध्ये पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरनं लिहून ठेवलं, की काही रुग्णांची पावलं आखूड होत जातात आणि चालताना आपोआप घाई होते. बिचाऱ्यांचा नाइलाज. पण धडधाकट माणसं जे प्रकार करतात त्यांचं काय?

उधारी थकलेला माणूस किराणा दुकानासमोरून कसा जातो ते पाहा. पंचवीस पावलं आधी फोन कानाला लागतो. दुकान आलं की मान उलट्या बाजूला वळते, वेग दुप्पट होतो आणि आवाज चढतो, "हां, हां, चेक टाकलाय, उद्या जमा होईल!" दुकान मागे पडलं की फोन खिशात. एकदा याच वेळी तो फोन खरंच वाजला.

निवडणुकीआधी उमेदवार कमरेत वाकून चालतो, हात जोडलेले असल्यामुळे ते हलत नाहीत, आणि नजर इतकी खाली की लहान पोराचंही दर्शन घेतो. निकालानंतर कंबर सरळ होते. पण वेग मंदावतो, कारण मागून चार माणसं चालायला हवीत आणि ती अजून चहा पीत असतात. अधिकाच्या महिन्यात सासुरवाडीला आलेला जावई फरशीवरून असा चालतो की फरशी आपल्या नावावर होणार आहे. आणि ओळखीच्या एक आजी आहेत, सून समोर असली की त्यांचा उजवा गुडघा धरतो आणि मुलगा आला की दोन्ही. गावात कोणी गेल्याचं कळलं की मात्र दूध घेऊन येणाऱ्याच्याही आधी त्या बातमी घेऊन पोचतात.

फोनमध्ये बघत चालणाऱ्यांविषयी लिहायला जागा नाही. आमच्या नालीत त्यांच्यासाठी आहे.

सकाळी फिरणाऱ्यांचा वेगळाच संप्रदाय. मफलर, पांढरे बूट आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत. हा आकडा कुठून आला म्हणाल तर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं. आकडा गोल होता, लक्षात राहिला, जगभर गेला. आमच्याकडचे फिरणारे तो श्रद्धेनं पाळतात. हॉटेलपर्यंत पाच हजार, दोन कचोऱ्या, परत पाच हजार. हिशेबात कचोरी धरत नाहीत, कारण ती बसून खाल्लेली असते.

पोळा झाला आणि ऋषिपंचमी तोंडावर आली. गजानन महाराजांच्या पुण्यतिथीला शेगावला पायी निघालेले जथे महामार्गावरून जायला लागले. भाचीला तर खजिनाच सापडला. टाचेला फोड आलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात फडकं असलेले; वहीतली एकूण एक चाल तिथे झेंडे घेऊन चालली होती. शेगावची पालखी तर दरवर्षी आषाढीला पंढरपूरपर्यंत सातशेहून अधिक किलोमीटर पायी जाते, त्यापुढे हे अंतर किरकोळ. पाणी द्यायच्या निमित्तानं भाचीनं एका लंगडणाऱ्या आजींना गाठलं.

"आजी, पाय दुखतो का?"

"दुखते ना माय."

"मग थोडं थांबा ना. कुठल्या बाजूनं दुखतो?"

"त्याले दुखू दे, मले जाऊ दे," असं म्हणून आजी गेल्यासुद्धा. भाची टेप हातात घेऊन त्यांच्यामागे पळाली, पण तिला काही त्यांना गाठता आलं नाही. पुण्याच्या मुलीला दम लागला होता.

मात्र चालण्याची अंतिम परीक्षा महामार्गावरच होते आणि तिथे आबा, भाची, मी सगळे एका ओळीत येतो. पूर्वी हा सहा नंबरचा महामार्ग होता, आता त्रेपन्न आहे. याच महामार्गावर अमरावती ते अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नाव गेलं. तिकडे नांदुऱ्याला याच रस्त्याच्या कडेला १०५ फुटी हनुमानजी उभे आहेत. १०५ हा आकडा या रस्त्याला मानवलेला दिसतो. विक्रम झाला तो रस्ता करण्याचा. ओलांडण्याचा विक्रम कोणी नोंदवून घेत नाही, नाहीतर आमच्या आत्यांचं नाव केव्हाच लागलं असतं. समुद्र ओलांडणारा देवसुद्धा इथे कडेलाच उभा आहे, यावरून वाहनांच्या वेगाची कल्पना यावी.

रस्ता ओलांडण्याची आमची एक खास पद्धत आहे आणि ती जगातल्या कुठल्याही वहीत नाही. आधी एक पाय डांबरावर ठेवायचा आणि दुसरा मातीवर, म्हणजे दोन्ही बाजूंना जाता येतं. मग एक हात ट्रककडे वर करायचा. एसटीला हात दाखवून थांबवायची सवय पिढ्यानपिढ्यांची, ट्रकनंही तो पाळावा एवढीच अपेक्षा. मग ट्रककडे न बघता निघायचं, कारण बघितलं तर पाय उचलत नाही. मध्यावर पोचलं की चप्पल सुटते. चपलेसाठी परत फिरायचं. पलीकडचा ओळखीचा माणूस ओरडतो, "काहून परत चालले?" त्याला उत्तर द्यायला थांबायचं. आत्या तर याच ठिकाणी पदर नीट करतात.

तेव्हा मुंबईकडून या नाहीतर नागपूरकडून, मलकापूर-नांदुऱ्याच्या मधे वडनेर भोलजीची पाटी दिसली की गाडीचा वेग कमी करा. वर केलेला हात दिसला की ब्रेक दाबा. आणि कृपा करून हॉर्न वाजवू नका. हॉर्न ऐकून आमच्याकडे कोणी पळत नाही. सगळे रस्त्याच्या मधे थांबून गाडी कोणाची आहे ते बघतात.